कुलूपबंद वंशावळ

अध्यक्ष वीरधवल यांनी मोठ्या तोऱ्यात आपला मोबाईल अथणीच्या व्यापाऱ्यासमोर धरला. पडद्यावर त्यांच्या मेंढ्याची चार पिढ्यांची वंशावळ होती. व्यापाऱ्याने वंशावळीकडे पाहिलंच नाही. वरच्या, पत्त्याच्या पट्टीतले दोन शब्द त्याने बोट ठेवून वाचले, "सुरक्षित नाही," आणि अर्धा चहा तसाच ठेवून तो उठला. सुरक्षित नसलेला मेंढा घेऊन मी काय करू, असं तो जाता जाता आपल्या ड्रायव्हरला कानडीत म्हणाला. जत तालुक्याच्या त्या टोकाला कानडी न कळणारा माणूस औषधालाही सापडत नाही, त्यामुळे संध्याकाळपर्यंत हे वाक्य सगळ्या वस्त्यांवर पोचलं होतं.

या भागात ऊस नाही, पाणी नाही; आहे ती मेंढी. उंच, पांढऱ्या अंगावर तांबूस ठिपके असलेली आणि पोपटाच्या चोचीसारख्या बाकदार नाकाची. त्या नाकासाठी लांबून लांबून गिऱ्हाईक येतं. मेंढ्याचं नाक कसं आहे ते दिसतंच, पण त्याच्या पोरांचं कसं निघेल हे त्याचा बाप कोण यावर ठरतं. म्हणून पूर्वभाग मेंढीपालक संघात प्रत्येक सभासदाच्या एकेका मेंढ्याची वंशावळ लिहिलेली असे. सभासद एकशे बारा, मेंढे एकशे बारा. अध्यक्ष वीरधवल यांच्याकडेही अकरा मेंढ्या होत्या, आणि त्यातली एकही त्यांना ओळखत नव्हती, कारण राखायला गडी होता.

ही वंशावळ पूर्वी जाड वहीत होती. ती संगणकावर आणली सचिव जयराजने. जयराज दोन वर्षं पुण्यात आयटी कंपनीत होता. म्हणजे कंपनीच्या बसगाड्या वेळेवर सुटतात की नाही हे पाहणाऱ्या खात्यात होता. पण गावात आल्यावर त्यातला आयटी तेवढा शिल्लक राहिला आणि बसगाड्या गळून पडल्या. सांगलीत तीन दिवसांचा एक सायबर वर्ग करून त्याने प्रमाणपत्र आणलं होतं आणि ते कार्यालयात, संघाच्या संस्थापकांच्या फोटोच्या वर, टांगलं होतं. बंद पडलेल्या एका टायपिंग क्लासचा जुना संगणक त्याने आणला, त्याला वायफायची डबी जोडली आणि संघाचा स्वतःचा सर्व्हर उभा केला. कार्यालयाच्या आवारात येऊन फोन त्या वायफायला जोडला, ठरलेला पत्ता टाकला, की वंशावळ दिसायची. इंटरनेटची गरजच नव्हती. आपल्या मेंढ्यांचे बाप परदेशातल्या संगणकात कशाला ठेवायचे, असं जयराजचं म्हणणं होतं, आणि एवढ्या एका बाबतीत तो बरोबर होता.

व्यापारी निघून गेल्यावर वीरधवलांनी जयराजला बोलावलं. जयराज जराही गडबडला नाही. त्याने सभासदांना गोळा केलं, फळ्यावर एका बाजूला फोन आणि दुसऱ्या बाजूला संगणक काढला आणि मध्ये एक रेघ ओढली. आत्ता आपली अक्षरं या रेघेवरून उघडी जातात, ती मधला कुणीही वाचू शकतो, बदलू शकतो. आता मी ती गुप्त अक्षरांत घालून पाठवणार, ती फक्त दोन टोकांनाच उलगडतील, आणि मग पट्टीत कुलूप दिसेल, असं त्याने सांगितलं. इथपर्यंत सगळं वर्गात शिकवलेलंच होतं. कुलूप दिसलं की वंशावळीतलं अक्षर न् अक्षर खरं समजायचं, हे मात्र त्याने स्वतःच्या पदरचं जोडलं. सभासदांना नेमकं तेवढंच लक्षात राहिलं.

दोन दिवस खपून जयराजने कुलूप बसवलं आणि सगळ्यांना वंशावळ उघडायला सांगितली. एकशे बारांपैकी ज्यांच्याकडे पडद्याचे फोन होते त्या सगळ्यांच्या फोनवर एक तांबडं चिन्ह आलं. तुमचं कनेक्शन खाजगी नाही, हल्लेखोर तुमची माहिती चोरण्याचा प्रयत्न करत असतील, असं खाली शुद्ध मराठीत लिहिलेलं होतं.

आधी नुसतं असुरक्षित होतं, आता चक्क हल्लेखोर आले. पहिल्या तासात सभासदांनी हल्लेखोर म्हणजे काय यावर चर्चा केली. दुसऱ्या तासात तो कोण हे ठरवलं. संघाच्या भिंतीला भिंत लागून ज्ञानूचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. ज्ञानू दिवसभर डोळ्याला भिंग लावून लोकांचे फोन उघडत बसे; एवढा पुरावा पुष्कळ होता. कुणीतरी त्याला मेंढी हे जित्राबच आवडत नाही हेही सांगितलं. वीरधवलांनी त्याला कार्यालयात बोलावून घेतलं आणि बसायला सांगितलं नाही.

ज्ञानूने शांतपणे अध्यक्षांचाच फोन घेतला, त्या तांबड्या चिन्हावर बोट दाबलं, आणखी दोनदा दाबलं आणि फोन परत दिला. पडद्यावर दोन ओळी होत्या. कुणाला दिलं: जयराज. कुणी दिलं: जयराज.

"कोण हल्लेखोर बिल्लेखोर न्हाई," ज्ञानू म्हणाला. "कुलपासंगं एक दाखला लागतो, की ह्यो संगणक म्हंजी त्योच हाय. त्यो दाखला बाहेरच्या कुणीतरी द्यायचा असतो. ह्येनं सवताच सवताला दिलाय. म्हणून फोन म्हणतोय, मला काय ह्येचा इस्वास वाटंना."

यात चूक काय, हे वीरधवलांना कळलं नाही. उत्कृष्ट अध्यक्षाचा पुरस्कार संघ त्यांना गेली सहा वर्षं देतच होता, आणि त्यावर सहीही त्यांचीच असे. जयराजला मात्र कळलं, आणि ते ज्ञानूने सांगितलं म्हणून झोंबलं. हे मला ठाऊकच होतं, ही पहिली पायरी होती, असं तो म्हणाला. मोबाईल रिपेर करणाऱ्याने सर्व्हरमध्ये तोंड घालू नये, असंही म्हणाला. ज्ञानूवरचा संशय कुणी मागे घेतला नाही. त्याला नुसतं जायला सांगितलं.

दुसरी पायरी अशी होती. आपल्या सर्व्हरचा पत्ता आवाराबाहेर चालत नाही, त्यामुळे बाहेरचं कुणी त्याला दाखला देणार नाही. पण प्रत्येक फोनला आपण बजावून सांगू शकतो की जयराजने दिलेला दाखला खरा मानायचा. त्यासाठी एक छोटी फाईल प्रत्येक फोनात बसवायची होती. जयराजने तीन दिवसांचं शिबिर लावलं. मागे फलक होता, 'विश्वास प्रस्थापना शिबिर', आणि त्यावर जयराजचा फोटो वीरधवलांच्या फोटोपेक्षा किंचित लहान होता.

पहिल्याच फोनला अडचण आली. ती फाईल बसवायची तर आधी फोनला स्वतःचं कुलूप हवं, असं फोन म्हणू लागला. बहुतेक मेंढपाळांच्या फोनला कुलूप नव्हतंच. फोन पोराने, सुनेने, शेजाऱ्याने, कुणीही घ्यायचा आणि लावायचा. जयराजने एका सकाळीत सत्तर फोनांना कुलपं घालायला लावली. चार आकडे ठरवा, कुणाला सांगू नका, विसरू नका, असं तो प्रत्येकाला सांगत होता. लोकांनी पहिल्या दोन गोष्टी मन लावून केल्या.

शिबिर संपायच्या आत लोक परत येऊ लागले. एकाने आपल्या मेंढ्याच्या कानातल्या बिल्ल्याचा आकडा ठेवला होता. त्याने तो मेंढा मंगळवारी विकला आणि आकडा मेंढ्याबरोबर गेला. काहींनी अंगठा ठेवला होता, पण दोरखंड ओढून आणि मेंढ्या धुऊन त्यांच्या अंगठ्यावर रेघाच उरल्या नव्हत्या. धनाजी नावाच्या सभासदाने ठिपके जोडून एक नक्षी काढली होती. ती नक्षी त्याला येत होती, पण पाहुण्यांसमोर काढताना दर वेळी चुकायची, म्हणून त्याची बायको राणी आता फोन हातात देऊन त्याला गोठ्यामागे पाठवत असे. चार दिवस गावातून कुणाला कुणाला फोन लावता आला नाही. मेंढ्यांना लस टोचणारा माणूस येऊन गेला आणि त्याला एकही कळप सापडला नाही, कारण कळप कुठे आहेत हे त्याला फोन करून सांगणारे सगळे आपापल्या फोनच्या बाहेर अडकले होते.

शेवटी लोक ज्ञानूकडे गेले. ज्याला आठवड्यापूर्वी चोर ठरवलं होतं त्याच्या दारात आता रांग लागली. ज्ञानू फोन पुसून कोरा करून द्यायचा. कोरा केला की त्यातली जयराजची फाईलही जायची. मग तो माणूस शेजारच्या दारातून कार्यालयात जायचा, जयराज पुन्हा फाईल बसवायचा, त्यासाठी पुन्हा कुलूप घालायला लावायचा, आणि तिसऱ्या दिवशी तो माणूस पुन्हा ज्ञानूच्या रांगेत उभा असायचा. दोन्ही दारांच्या मधल्या जागेत गवत उगवायचं थांबलं.

या सगळ्यातून सुलाबाई तेवढ्या सुटल्या. साठीच्या सुलाबाईंकडे बटणांचा फोन होता. त्यांना शिबिराला बोलावलं तेव्हा माझ्या फोनला पडदाच न्हाई तर कुलूप कुठं लावू, असं विचारून त्या मेंढरांमागे निघून गेल्या. संघात त्यांना मान होता तो त्यांच्या सर्जामुळे. सर्जा हा या भागातला आजवरचा सर्वात देखणा मेंढा. कमरेइतका उंच, नाक असं की प्रदर्शनात लोक त्याचा फोटो बाजूने काढायचे. तो चार वर्षांपूर्वी मेला, तरी घराघरांत त्याचं कॅलेंडर होतं.

कुलपांचा गोंधळ निस्तरताना जयराजने एक निर्णय घेतला. वंशावळीत शिरायला मुळात आणखी एक पासवर्ड होता, आणि आपल्या मेंढ्याच्या नोंदीत चूक असेल तर ती दुरुस्त करण्याची सोय त्या पासवर्डामागे होती. आता लोकांना चार आकडे आठवत नव्हते, तिथे पासवर्ड कुठून आठवणार. त्याने तो काढून टाकला. ज्ञानूला हे कळलं तसा तो कामावरून उठून आला.

"जयराज, तुझं कुलूप रस्त्याला हाय," तो म्हणाला. "रस्त्यानं जाताना कोण लुटणार न्हाई, एवढंच. गोदामाचं दार तू सताड उघडं ठेवलंयस. आत कोण आला, काय लिवून गेला, तुला काय कळणार?"

"फोनला कुलूप हाय, रस्त्याला कुलूप हाय," जयराज म्हणाला. "आत येणार ते आपलेच सभासद. त्यांच्यावर बी आता संशय घेऊ का?"

ज्ञानू आपल्या दुकानात परत गेला. संशयाचा विषय त्याने तरी काढू नये, असं जयराजला वाटलं, आणि ज्ञानूलाही जयराजबद्दल तसंच वाटलं असावं.

त्यानंतरचे दोन महिने जयराजच्या आयुष्यातले सर्वात सुखाचे गेले. तांबडं चिन्ह गेलं. पट्टीत कुलूप दिसू लागलं. आणि काय आश्चर्य, जे सभासद वर्षातून एकदा जेवणापुरते संघात यायचे ते आता एकेकटे, वेळी अवेळी, कार्यालयाच्या कट्ट्यावर येऊन बसू लागले. फोन छातीशी धरून, शेजाऱ्याला दिसणार नाही असा तिरपा करून, जीभ दाताखाली धरून ते दहा-दहा मिनिटं काहीतरी टाईप करत. एकजण आला की दुसरा उठून जाई. गाव डिजिटल झालं, असा अहवाल जयराजने लिहिला आणि जिल्ह्याला पाठवला. अहवालात 'सुरक्षित' हा शब्द एकवीस वेळा होता.

अहवालाचा परिणाम झाला. शासनमान्य नोंदणी केंद्र द्यायचं की नाही हे पाहायला सांगलीहून पशुसंवर्धनच्या डॉक्टर संयोगिता येणार, असं पत्र आलं. केंद्र मिळालं तर संघाच्या मेंढ्यांच्या वंशावळीला सरकारी शिक्का, दारावर वीरधवलांच्या नावाचा फलक आणि जयराजला केंद्रचालकाची कायमची खुर्ची. मंडप घातला. एकशे बारा मेंढे धुऊन, खुरांना तेल लावून ओळीत बांधले. मोठा टीव्ही भाड्याने आणून तो सर्व्हरला जोडला. वीरधवलांनी फेटा बांधला आणि तो दुपारपर्यंत तीनदा सोडून बांधला.

डॉक्टर संयोगिता चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी आल्या आल्या टीव्हीवरची पट्टी पाहिली आणि खरोखर कौतुक केलं. एवढ्या आडबाजूला स्वतःचा सर्व्हर, तोही दाखल्यासकट, मी जिल्ह्यात कुठे पाहिला नाही, असं त्या म्हणाल्या. जयराजने नम्रपणे मान खाली घातली, पण पुरेशी नाही. मग त्यांनी पहिली नोंद उघडायला सांगितली.

पहिला मेंढा अध्यक्षांचा. बाप: सर्जा.

टाळ्या पडल्या. दुसरा मेंढा धनाजीचा. बाप: सर्जा. पुन्हा टाळ्या, जरा कमी. तिसरा सर्जाचा. चौथा सर्जाचा. पाचव्यापासून टाळ्या बंद झाल्या. डॉक्टरांनी माउस स्वतःच्या हातात घेतला आणि सगळी यादी एकदम उघडली. टीव्ही मोठा होता, अक्षरंही मोठी होती. बापाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत सर्जा, सर्जा, सर्जा; एकट्या सुलाबाईंच्या मेंढ्याचा रकाना कोरा. एक मेंढा सर्जापेक्षा दोन वर्षांनी मोठा होता. तीन मेंढे सर्जा मेल्यावर दोन वर्षांनी जन्मले होते. सचिव जयराजचा मेंढाही सर्जाचाच होता. ती त्याने दुरुस्तीची सोय चालते का हे बघायला केलेली चाचणी होती आणि मागे घ्यायची राहून गेली होती.

मंडपात कुणी हसलं नाही. प्रत्येक सभासद शेजाऱ्याकडे अतिशय तुच्छतेने पाहत होता. आपण एकट्यानेच हे केलं, आणि तेही नाइलाजाने, अशी प्रत्येकाची समजूत होती. बाकीचे एकशे दहा जण एवढे लबाड असतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. ज्ञानू आपल्या दुकानाच्या दारातून पाहत होता. त्याने भिंग पुन्हा डोळ्याला लावलं आणि तो आत गेला.

डॉक्टरांनी जयराजला विचारलं की हे बाहेरून कुणी बदललं असण्याची शक्यता आहे का. शक्यताच नाही, मधे कुणी शिरूच शकत नाही, असं जयराज सवयीने ठासून बोलून गेला आणि बोलल्यावर त्याला कळलं की आपण काय बोललो. जुनी वही कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. संगणकीकरणाच्या उद्घाटनाला वीरधवलांच्या हस्ते ती समारंभपूर्वक कृष्णेत सोडली होती. त्याचा फोटो अहवालात होता.

अध्यक्ष वीरधवल यांनी मग फेटा सावरला आणि ते उभे राहिले. संघ बुडताना पाहून ते घाबरले नाहीत, एवढं त्यांच्याबाबत मान्य करायला हवं. त्यांनी सांगितलं की हा दोष नसून हीच संघाची ताकद आहे. आमचे सगळे मेंढे एका रक्ताचे आहेत. तारखांच्या किरकोळ चुका सोडल्या तर आमचं मूळ एक आहे, आणि ते मूळ म्हणजे सर्जा. सभासदांनी सुटकेचा निःश्वास सोडला. दोघातिघांनी टाळ्याही वाजवल्या.

"ठीक आहे," डॉक्टर संयोगिता म्हणाल्या. "मूळ सर्जा धरू. मग त्याची नोंद पूर्ण हवी. सर्जाचा बाप कोण?"

जयराजने सर्जाची नोंद उघडली. बापाचा रकाना रिकामा होता. सुलाबाईंना पुढे बोलावलं. त्या मंडपाच्या कडेला आपल्या मेंढ्याची दोरी ओळीतून सोडवून हातात धरून उभ्या होत्या. दोरी तशीच हातात घेऊन त्या आल्या, त्यामुळे मेंढाही व्यासपीठावर आला.

"मला काय ठावं," सुलाबाई म्हणाल्या. "कर्नाटकातली मेंढरं वरून चालली हुती. त्यातलं एक कोकरू पाय मोडून वाटंला पडलं हुतं. धनी त्येचा पुढं निघून गेल्याला. मी बाभळीच्या काटक्या बांधल्या, पाय सरळ केला. त्येचा बाप कोण, आय कोण, मी त्येला कवा इचारलं न्हाई."

वीरधवलांनी त्यांना हळूच सुचवलं की इतक्या वर्षांत काहीतरी ऐकलं असेलच, आठवून बघा. सुलाबाईंनी खरोखर आठवून बघितलं. आठवत नाही म्हणाल्या. हा हातातला मेंढा तरी सर्जाचा आहे का, असं डॉक्टरांनी विचारलं. असंल, नसंल, त्या सालात मेंढरांच्या वाड्यात तीन मेंढे मोकळे हुते, मी काय पहाऱ्याला बसले न्हवते, असं त्यांनी सांगितलं. आय मातुर माझीच मेंढी, दुरंगी, डाव्या कानाला फाटल्याली, असंही म्हणाल्या.

डॉक्टरांनी आपल्या कागदावर तेवढं लिहून घेतलं. आई माहीत, बाप माहीत नाही. मग जयराजला म्हणाल्या की सर्जाच्या रकान्यातही तसंच लिहा.

जयराजने 'अज्ञात' असं टाईप केलं आणि बटण दाबलं. त्याने संगणकाचा हा प्रोग्रॅम मोठ्या हुशारीने लिहिला होता. बापाचा बाप सापडला की नातवांच्या नोंदीत आज्याचा रकाना आपोआप भरायचा. टीव्हीवरची यादी क्षणभर थांबली आणि मग वरपासून खालपर्यंत भरत गेली. अज्ञात, अज्ञात, अज्ञात. अध्यक्षांच्या मेंढ्यापासून सचिवाच्या मेंढ्यापर्यंत एकशे अकरा वेळा.

डॉक्टर संयोगितांनी पिशवीतून सरकारी नोंदणीचा पिवळा बिल्ला काढला, सुलाबाईंच्या मेंढ्याच्या कानाला लावला आणि आज एवढंच असं म्हणून त्या गाडीत बसल्या. या नोंदीवर माझा विश्वास बसला, बाकीचं पुढच्या वर्षी पाहू, असं त्यांनी जाताना सांगितलं. सुलाबाईंनी रक्त पुसायला चिंधी मागितली आणि चरायची वेळ झाली म्हणून त्याही निघाल्या.

वीरधवलांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. टीव्ही अजून चालूच होता. शेवटी त्यांनी जयराजला जवळ बोलावलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं की आता या सगळ्यातलं शाबूत काय राहिलं.

जयराजने पडद्यावरच्या कुलपाकडे एकदा नीट बघून घेतलं.

"सगळं शाबूत हाय, अध्यक्ष," तो म्हणाला. "ज्येनं जे लिवलं ते जसंच्या तसं पोचलंय. मधी कुणीबी हात लावल्याला न्हाई."